नकाशातील माणूस : मानवी भूगोलाची वाटचाल आणि नाशिक जिल्हा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर इगतपुरी येथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस अवघ्या शंभर किलोमीटरवर असलेल्या येवले तालुक्यात हेच प्रमाण पाच-सहाशे मिलिमीटरवर येते. पाऊस जास्त तेथे पाणी मुबलक आणि पाऊस कमी तेथे टंचाई, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मात्र पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर या भरपूर पावसाच्या तालुक्यांतील अनेक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना डोंगर उतरून जावे लागते. तर त्याच दिवसांत कमी पावसाच्या निफाड तालुक्यात द्राक्षबागा आणि कांद्याची शेते उभी असतात. पाऊस एकीकडे आणि पाण्याचा लाभ दुसरीकडे, हे असे का व्हावे?

हा प्रश्न वरवर पाहता पर्जन्यमानाचा वाटतो. वस्तुतः तो भूमी आणि माणूस यांच्या संबंधांचा प्रश्न आहे, आणि या संबंधांचा पद्धतशीर अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे मानवी भूगोल. गेल्या दीडशे वर्षांत या शास्त्राने अनेक वळणे घेतली. दर वळणावर नवी माहिती मिळाली हे खरेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दर वळणावर विचारला जाणारा प्रश्न बदलला आणि प्रश्न बदलला की उपायही बदलला. विकासयोजना आखणारे अधिकारी, त्या राबविणारे पंचायत सदस्य आणि गावातील मुलांना भूगोल शिकविणारे शिक्षक यांच्या दृष्टीने या वाटचालीचे महत्त्व त्यातच आहे.

काय, कोठे आहे?

कोणत्याही प्रदेशाच्या भूगोलाचा आरंभ यादीने होतो. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत अशा दोन याद्या दगडावर कोरलेल्या आहेत. गौतमी बलश्री हिच्या शिलालेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या सत्तेखालील प्रदेशांची व पर्वतांची नावे ओळीने दिली आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्या लेखात ज्या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली, त्या नद्या नोंदविल्या आहेत. त्यांतील पारदा म्हणजे आजची पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा, असे अभ्यासक मानतात. या दोन्ही नद्या नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून गुजरातमार्गे अरबी समुद्रास मिळतात. त्याच्याच दुसऱ्या एका लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवलेल्या रकमांचीही नोंद आहे. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरात नदी, मार्ग, व्यवसाय आणि पतव्यवहार हे मानवी भूगोलाचे चारही विषय एकत्र आले आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याच्या स्थळयादीतही नाशिकचा उल्लेख सापडतो.

आधुनिक काळातील अशी सर्वांत मोठी यादी म्हणजे जेम्स कँपबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड. नाशिक जिल्ह्याविषयीचा हा ग्रंथ १८८३ साली प्रसिद्ध झाला. जमीन, पिके, लोकसमाज, व्यापार, इतिहास, महसूल आणि गावोगावची स्थळे असा त्याचा क्रम आहे. जिल्ह्याचे पश्चिमेकडील डांग आणि पूर्वेकडील देश असे दोन भाग लोकव्यवहारात रूढ होते. त्यांची दखलही या ग्रंथाने घेतली. पुढे महाराष्ट्र शासनाने या गॅझेटियरची सुधारित आवृत्ती १९७५ साली प्रकाशित केली.

या याद्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. तथापि यादी राज्यकर्त्याच्या गरजेतून तयार होते. त्याला जे मोजावयाचे असते तेच ती मोजते. शिवाय कोणती गोष्ट कोठे आहे हे तिच्यावरून कळले, तरी ती तेथेच का आहे याचे उत्तर तीत मिळत नाही.

निसर्ग ठरवितो काय?

हे ‘का’ शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. नाशिकचे गॅझेटियर प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, फ्रिडरिख रॅट्झेल यांच्या मानवभूगोलविषयक ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. दुसरा १८९१ साली आला. रॅट्झेल यांचे मूळ शिक्षण प्राणिशास्त्राचे. सजीव ज्याप्रमाणे परिस्थितीशी बांधलेले असतात, त्याचप्रमाणे मानवसमूहही भूमी, हवामान व स्थान यांच्याशी बांधलेले असतात, ही त्यांच्या विचाराची दिशा होती. त्यांच्या अमेरिकन शिष्या एलेन सेंपल यांनी १९११ साली हाच विचार अधिक ठाशीवपणे मांडला. या विचारसरणीस निसर्गवाद असे म्हणतात.

डांग आणि देश यांची तुलना केली, तर निसर्गवाद प्रथमदर्शनी पटतो. पश्चिमेस तीव्र उतार, मातीचा पातळ थर आणि मुसळधार पाऊस. म्हणून तेथे भात, नागली व वरई ही पिके आणि विखुरलेले पाडे. पूर्वेस काळी जमीन आणि बेताचा पाऊस; म्हणून तेथे बाजरी, कडधान्ये आणि एकवट वसलेली गावे. डांगाच्या तहानेचेही एक कारण येथे सापडते. बेसॉल्टचा कठीण खडक पाणी फारसे मुरू देत नाही आणि साठवूनही ठेवत नाही. चार महिन्यांत पडलेले पाणी उतारावरून पाहता पाहता वाहून जाते.

परंतु निसर्गवादाने एक मोठे अनर्थकारक वळण घेतले. उष्ण प्रदेशातील माणसे स्वभावतःच आळशी, डोंगरातील माणसे स्वभावतःच मागासलेली, अशी अनुमाने शास्त्राच्या नावाने काढली गेली आणि साम्राज्यसत्तेला ती सोयीची ठरली. जे निसर्गाने ठरविले आहे ते बदलण्याचा खटाटोप कशाला, अशी मनोवृत्ती तीतून निर्माण होते. एखाद्या दुर्गम पाड्याविषयी तेथे काही होण्यासारखे नाही, असे आजही कोणी म्हणतो, तेव्हा तो नकळत याच विचारसरणीची भाषा बोलत असतो.

माणसाची निवड

या मताला फ्रान्समध्ये उत्तर मिळाले. पॉल व्हिदाल द ला ब्लाश (१८४५–१९१८) यांनी फ्रान्सच्या ग्रामीण प्रदेशांचा बारकाईने अभ्यास करून असे दाखविले की, सारख्या निसर्गातही माणसे वेगवेगळ्या तऱ्हेने जगतात. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो. त्यांतून निवड करतो तो माणूस. ही निवड परंपरा, कौशल्य आणि संघटना यांवर अवलंबून असते, आणि तीतून प्रत्येक प्रदेशाची स्वतःची जीवनपद्धती घडते. त्यांचा मानवी भूगोलावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इतिहासकार ल्यूसिआँ फेव्र यांनी या दृष्टीला संभववाद हे नाव दिले.

संभववादाचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. बागलाण तालुक्यात व लगतच्या धुळे जिल्ह्यात मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर ओळीने बंधारे बांधावयाचे, बंधाऱ्यातून पाट काढावयाचा, पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडावयाचे आणि एका फडात एका वर्षी सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे, असा हा क्रम असे. पुढील वर्षी पिकांचा फेर होई. प्रत्येक फडात बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन असल्यामुळे पाण्याचा लाभ आणि टंचाईची झळ दोन्ही वाटली जात. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी आणि सर्वांवर गावच्या पंचांची देखरेख असे. नदी, उतार आणि काळी जमीन अन्यत्रही होती. फड मात्र तेथेच उभा राहिला, जेथे लोकांनी एकत्र येऊन नियम केले आणि ते पाळले. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, तसतशी ही पद्धती क्षीण झाली. परंतु तिचे मर्म टिकून आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० नंतरच्या काळात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, त्यांमागे हेच तत्त्व होते. आणि २००५ साली सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा राज्याने केला.

संभववादालाही मर्यादा आहेतच. निसर्गाने टाकलेला लाल दिवा ओळखून थांबावे आणि हिरवा दिवा पाहून पुढे जावे, असा मध्यममार्ग ग्रिफिथ टेलर यांनी सुचविला. भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाला की विहीर कोरडी पडते, हा त्या लाल दिव्याचाच अर्थ होय.

महाराष्ट्रातील पायाभरणी

संभववादाचा हा विचार युरोपात रुजत होता, त्याच सुमारास महाराष्ट्रात गावाच्या पातळीवरील अभ्यासाचा पाया घातला जात होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. वतनदार, बलुतेदार, शेतकरी आणि फिरस्ते यांच्या परस्परसंबंधांचे त्यातील वर्णन भूगोलाच्या नावाने लिहिलेले नसले, तरी मानवी भूगोलाच्या अभ्यासकाला ते टाळता येत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात सरासरी ४० एकर असलेले धारणक्षेत्र १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, हा त्यांचा निष्कर्ष पुढे देशभर उद्धृत झाला. जमीन तीच होती; बदलला होता तो माणसांचा तिच्याशी असलेला संबंध.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रा. चं. धुं. देशपांडे यांनी पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल (१९४८) आणि महाराष्ट्राचा भूगोल (१९७१) हे ग्रंथ लिहून या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. डॉ. इरावती कर्वे यांचा महाराष्ट्राची भूमी व लोक यांविषयीचा ग्रंथ १९६८ साली राज्य गॅझेटियरच्या मालेत प्रसिद्ध झाला. त्यांच्या सहभागाने झालेला आठवडी बाजारांचा अभ्यासही १९७० साली प्रकाशित झाला. भूगोल, मानवशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या सीमा येथे एकमेकींत मिसळल्या.

अंतर आणि बाजार

बाजारांच्या अभ्यासाने तिसरा प्रश्न पुढे आणला : वस्त्यांची आणि व्यवसायांची मांडणी कोणत्या नियमाने होते? फॉन थ्यूनेन यांनी १८२६ साली असे दाखविले होते की, बाजारापासूनचे अंतर आणि वाहतुकीचा खर्च यांवर कोणते पीक कोठे घ्यावयाचे हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली लहानमोठ्या गावांची उतरंड सेवांच्या आधारे उलगडून दाखविली. किराणा जवळच्या गावी मिळतो, दवाखान्यासाठी तालुक्यास जावे लागते आणि मोठ्या रुग्णालयासाठी जिल्ह्यास, हा नित्याचा अनुभव त्यांनी सिद्धान्तरूपाने मांडला. १९५० नंतरच्या दोन दशकांत तर संख्याशास्त्राच्या साह्याने भूगोलाचे रूपच पालटले.

नाशिक जिल्ह्यात या नियमांना लोहमार्गाने आकार दिला. थळ घाटातून गाड्या १८६५ साली इगतपुरीस पोहोचल्या. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि मनमाडला जंक्शनचे महत्त्व आले. या लोहमार्गावरील लासलगाव ही कांद्याची देशातील अग्रगण्य बाजारपेठ ठरली, ती केवळ जमिनीच्या गुणाने नव्हे. साठवण, लिलाव आणि दूरच्या शहरांपर्यंत जलद वाहतूक या तिन्हींची जोड तिला मिळाली. नाशवंत मालासाठी देशातील पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून सुटली, यातही तेच सूत्र दिसते. नवी कल्पना एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे कशी पसरत जाते, याचा अभ्यास स्वीडनचे टॉर्स्टेन हॅगरस्ट्रँड यांनी १९५३ साली केला. द्राक्षवेलीचा आणि पुढे ठिबक सिंचनाचा जिल्ह्यातील प्रसारही त्याच दृष्टीने अभ्यासता येतो. शेजाऱ्याच्या बागेतील पीक डोळ्यांनी पाहणे हा प्रसाराचा मोठा मार्ग असतो. मात्र पाहिलेले आपल्या शेतात आणण्यासाठी पाणी, भांडवल आणि रस्ता लागतो. ज्याच्याजवळ ही तिन्ही नाहीत, त्याच्या बांधाशी येऊन प्रसार थांबतो.

अंतराच्या गणिताला नेमके हेच दिसत नव्हते. नकाशावर दोन किलोमीटर असलेली विहीर प्रत्यक्षात तीनशे मीटरच्या चढउतारापलीकडे असते. काही वेळा तर ती पायांजवळ असूनही माणसाला दूर असते.

कोणाला, कोठे, किती?

हे शेवटचे विधान अलंकारिक नाही. नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही याच जिल्ह्यातील येवले येथे. मंदिर नकाशावर होते, रस्ता होता, अंतर काही पावलांचे होते; तरीही हजारो लोकांना ते अंतर ओलांडता येत नव्हते. गावठाण कोठे, पाणवठा कोणाचा, कोणाची वस्ती गावाबाहेर, या गोष्टी पर्जन्यमानाने किंवा वाहतूकखर्चाने उलगडत नाहीत. भूमीवर समाजाची सत्ता कशी उमटते, हा मानवी भूगोलाचा चौथा प्रश्न होय. डेव्हिड हार्वे यांनी १९७३ साली सामाजिक न्याय आणि शहर यांविषयी ग्रंथ लिहिला, तेव्हा हा प्रश्न जगभरच्या विद्यापीठांत चर्चिला जाऊ लागला; नाशिकच्या सत्याग्रहींनी तो चार दशके आधी रस्त्यावर उभे राहून विचारला होता. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला, तोही या दीर्घ प्रश्नाच्या उत्तराचाच एक भाग आहे.

विकासाच्या वाटपालाही हाच प्रश्न लागू होतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाची मोजणी सादर केली. कोणता प्रदेश कोणत्या बाबतीत किती मागे आहे, हे प्रथमच आकड्यांत मांडले गेले. या मोजणीचे एकक जिल्हा हे होते. परंतु इगतपुरी व येवले एकाच सरासरीत घातले, तर त्या सरासरीइतका पाऊस दोन्ही ठिकाणी पडत नाही. तशीच जिल्ह्याच्या सरासरी सिंचनाची गोष्ट. द्राक्षबागांचा ओलावा सुरगाण्याच्या पाड्यांच्या नावावर जमा होतो आणि पाडा कागदावर सुखी दिसू लागतो.

पाण्याचे वाटप जिल्ह्याच्या सीमेशी थांबत नाही. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिच्या खोऱ्यात दारणा (१९१६) व गंगापूर (१९६५) ही धरणे नाशिकमध्ये आणि जायकवाडी (१९७६) पैठणला आहे. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा वाद उभा राहतो. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप हे तत्त्व राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने स्वीकारले आहे. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळविण्याच्या नार-पार-गिरणा योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. गिरणा खोऱ्याची गरज खरीच आहे. ज्या डोंगरांवर हे पाणी पडते, तेथील पाड्यांचा त्यात कोणता वाटा, हे विचारणेही तितकेच आवश्यक ठरते.

राहणाऱ्याचा नकाशा

यापुढील वळण सर्वांत अलीकडचे. यि-फू तुआन यांनी १९७४ साली माणसाच्या स्थळाविषयीच्या आत्मीयतेचा विचार मांडला. हॅगरस्ट्रँड यांनी १९७० साली दिवसाच्या चोवीस तासांत माणूस कोठे कोठे जातो यावरून त्याच्या जगण्याची रेषा आखावी, असे सुचविले. स्त्रियांच्या श्रमांचा आणि वावराचा भूगोल हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. उपग्रहांची छायाचित्रे आणि संगणकीय नकाशे आता तालुक्यापर्यंत आले आहेत. पण आकाशातून विहीर दिसली, तरी तिच्याशी लागलेली रांग आणि रांगेत गेलेली पहाट दिसत नाही.

पेठ-सुरगाण्यातील भाताची कापणी आटोपली की अनेक आदिवासी कुटुंबे दिंडोरी व निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांवर कामास जातात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण चतुर्थांशाहून थोडे अधिक होते. जनगणनेत हे कुटुंब एका गावचे. जगण्यात मात्र दोन गावांचे. शिधापत्रिका एका ठिकाणी, मजुरी दुसऱ्या ठिकाणी आणि मुलाची शाळा दोहोंच्या मध्ये सुटलेली. पश्चिमेचा पाऊस आणि पूर्वेची बाग यांना जोडणारा दुवा म्हणजे हीच माणसे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या या वाटेवर सापडते : बागायतीचा लाभ धरण, कालवा, रस्ता, पत आणि संघटना जेथे उभी राहिली तेथे गेला, जेथे ती उभी राहिली नाहीत, तेथून माणसेच त्या लाभाच्या मागे चालत गेली.

गावपातळीवरील उपयोग

मानवी भूगोलाचे हे पाचही प्रश्न गावाच्या पातळीवर विचारता येतात आणि त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिले. नाशिकमधील पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके त्या क्षेत्रात येतात. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना गावाचा महसुली नकाशा पुढे ठेवावा आणि त्यावर क्रमाने नोंदी कराव्यात. पाणवठे, रस्ते व वस्त्या कोठे आहेत? उतार, माती व खडक यांनी कोणत्या मर्यादा घातल्या आहेत? गावाने पूर्वी एकत्र येऊन काय उभे केले होते? बाजार, दवाखाना व शाळा पायी किती वेळाच्या अंतरावर आहेत? कोणत्या वस्तीला यांपैकी काय मिळत नाही? आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात गावातील कोण गावात नसतो?

यांतील शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे कार्यालयातील कागदांत क्वचितच सापडतात. ती वस्तीवर जाऊन, विशेषतः स्त्रियांना विचारून मिळवावी लागतात. शाळांनीही या कामात सहभागी व्हावे. पाणी आणण्यास किती वेळ लागतो, हे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी घरोघर मोजून नकाशावर मांडले, तर तो भूगोलाचा धडा होतो आणि ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगा पुरावाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची नावे ऑक्टोबरअखेर नोंदली गेली, तर बागेजवळच्या शाळेत त्यांची सोय वेळेवर करता येते.

जिल्ह्याची सरासरी राज्याच्या अंदाजपत्रकासाठी आवश्यक आहे. पण सरासरीच्या गावात कोणीही राहत नाही. जो पाडा त्या सरासरीत हरवतो, तो नकाशावर परत आणणे हे मानवी भूगोलाचे काम आहे, आणि ज्याच्या हाती त्या पाड्याची नोंदवही आहे, अशा प्रत्येक शिक्षकाचे, ग्रामसेवकाचे आणि पंचायत सदस्याचेही.